खालचा गिअर टाकताना कधी गचका, कधी धक्का: ऑटो रेव्ह मॅचिंगचा पुन्हा पुन्हा उद्भवणारा दोष

खालचा गिअर टाकताना इंजिनाचा वेग त्या गिअरशी आपोआप जुळवून घेणे, म्हणजे ऑटो रेव्ह मॅचिंग. तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर येताना इंजिन आपोआप रेस घेते, आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा काटा अपेक्षेप्रमाणे वर चढतो, आणि तरीही क्लच सुटताच कधी गाडीचे नाक खाली बसते, तर कधी मागून कोणी ढकलल्याप्रमाणे ती पुढे सरकते. ट्यूनर मॅपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या तक्त्यांमध्ये, काही आकडे बदलून देतो, आठ-दहा दिवस बरे जातात आणि तोच दोष परत येतो. माझ्या गाडीत हा प्रकार पाच महिने चालला. त्या काळात मॅप तीन वेळा बदलून झाला, हलके फ्लायव्हील (इंजिनाच्या शाफ्टवर फिरणारे चाक) बसवल्याबद्दल मी स्वतःला दोष देऊन झाला, आणि शेवटी कारण सापडले ते क्लच पेडलच्या वर बसवलेल्या, करंगळीच्या नखाएवढ्या एका प्लास्टिकच्या चकतीत. ती चकती बदलणे हे दहा मिनिटांचे काम होते. तिथपर्यंत पोहोचायला इतका काळ का लागला, हे सांगण्यासाठी आधी ही प्रणाली कशाच्या आधारे निर्णय घेते ते पाहावे लागेल.

निस्सानने २००९ च्या ३७० झेड या गाडीत सिंक्रो रेव्ह मॅच या नावाने ही सोय दिली. त्यानंतर शेव्हरोलेट कॉर्व्हेटच्या सातव्या पिढीत, होंडा सिव्हिक टाइप आरमध्ये आणि टोयोटाच्या आयएमटी (इंटेलिजंट मॅन्युअल ट्रान्समिशन) असलेल्या गाड्यांमध्ये ती आली. (ह्युंदाई आणि किया यांच्या आयएमटीमध्ये क्लचचे पेडलच नसते, नाव तेच असले तरी ती प्रणाली वेगळी आहे.) सर्वांचे तत्त्व एकच आहे. चालक क्लच दाबतो, दांडा दुसऱ्या गिअरच्या दिशेने सरकू लागतो, गिअरबॉक्सवरील सेन्सर ते ओळखतो, आणि गाडीच्या त्या क्षणीच्या वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किती फेरे घेत असायला हवे याचा हिशेब करून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) तेवढे उघडतो. क्लच सुटेपर्यंत तो आरपीएम धरून ठेवायचा आणि क्लच सुटला की बाजूला व्हायचे, एवढेच त्याचे काम असते.

हा हिशेब त्रैराशिकाहून अवघड नाही. समजा, टायरचा घेर १.९५ मीटर आहे, फायनल ड्राइव्हचे (गिअरबॉक्स आणि चाके यांच्यामधल्या शेवटच्या दात्यांच्या जोडीचे) प्रमाण ४.१ आहे, आणि चौथा, तिसरा व दुसरा या गिअरांची प्रमाणे अनुक्रमे १.००, १.४० आणि २.०० आहेत. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ५१३ फेरे. त्यामुळे इंजिनाचे फेरे चौथ्यात साधारण २१००, तिसऱ्यात २९४५ आणि दुसऱ्यात ४२०५ येतात. याला ६० ने भागले की ताशी एका किलोमीटरमागे चौथ्यात ३५, तिसऱ्यात ४९ आणि दुसऱ्यात ७० फेरे, असे तीन आकडे मिळतात. आपल्या गाडीचे असे आकडे काढून कागदावर लिहून ठेवावेत; पुढची सगळी तपासणी त्यांच्यावरच उभी आहे.

टायरचा आकार बदलल्यामुळे रेव्ह मॅचिंग बिघडले, असे निदान पहिल्याच भेटीत ऐकायला मिळते, आणि बहुतेक वेळा ते चुकीचे असते. चाकाचा सेन्सर रस्त्यावरचा वेग मोजतच नाही, तो चाकाचे फिरणे मोजतो. चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे किती, हे केवळ दात्यांच्या चाकांवर ठरते. टायर लहान असो वा मोठा, ते प्रमाण बदलत नाही. ईसीयूने किलोमीटरमध्ये रूपांतर करताना चुकीचा घेर धरला, तरी उलट्या हिशेबात तोच चुकीचा घेर पुन्हा वापरला जातो आणि चूक आपोआप कटते. अडचण येते ती पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या घेराची असून वेग न ओढणाऱ्या चाकांवरून घेतला जात असेल तेव्हा, किंवा स्पीडोमीटर बरोबर दाखवावा म्हणून कोणी एका मॉड्यूलमध्ये घेराचा आकडा बदलला आणि इंजिनाच्या ईसीयूमध्ये जुनाच राहू दिला तेव्हा. फायनल ड्राइव्ह बदलला असेल तर मात्र वेग कुठून घेतला जातो हे पाहणे भागच आहे. सेन्सर फायनल ड्राइव्हच्या अलीकडे, गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर असेल तर फरक पडत नाही. पलीकडे असेल तर सर्व गिअरांत सारख्याच टक्क्यांची चूक दिसते.

म्हणजे ईसीयूला चार गोष्टी खरेपणाने कळाव्या लागतात: वेग, टाकला जाणारा गिअर, इंजिनाचे फेरे आणि क्लचची अवस्था. यातली एखादी माहिती खोटी असेल तर ईसीयू अगदी बिनचूक हिशेब करून चुकीचे उत्तर देईल. अशा वेळी मॅप बदलणे म्हणजे वजनकाटा चुकीचा असताना भाव बदलत बसण्यासारखे आहे. मी तेच करत होतो.

तपासणीची सुरुवात गाडी उभी असतानाच करावी. इग्निशन चालू, इंजिन बंद, आणि स्कॅनरवर क्लच स्विचची अवस्था समोर ठेवून पेडल अगदी सावकाश दाबत न्यावे. बऱ्याच गाड्यांत दोन स्विच असतात. खालचा स्विच पेडल तळाला पोहोचल्यावर बदलतो आणि इंजिन सुरू होऊ देण्यासाठी वापरला जातो. वरचा स्विच पेडल जागेवरून हलताच बदलतो, आणि क्रूझ कंट्रोल सोडवण्यासाठी व रेव्ह मॅचिंगसाठी सहसा हाच कामी येतो. काही गाड्यांत स्विचऐवजी पेडलची स्थिती सलग मोजणारा सेन्सर असतो. पेडल दाबताना अवस्था एकदाच आणि ठरावीक जागी बदलली पाहिजे, सोडताना जवळजवळ त्याच जागी परत फिरली पाहिजे, आणि मोकळ्या पेडलला बोटाने हलकेच टिचकी मारली तर काहीही बदलता कामा नये. ही शेवटची टिचकी मी मारली असती तर पाच महिने वाचले असते. त्याच बैठकीत क्लच दाबून दांडा एकेका गिअरमध्ये घालावा आणि सेन्सर तोच गिअर सांगतो आहे का ते पाहावे. गिअरबॉक्स उतरवून परत बसवला असेल, तर अनेक गाड्यांत गिअर पोझिशन सेन्सरला जागा नव्याने शिकवाव्या लागतात, आणि ते राहून गेले तर एखादाच गिअर गोंधळ घालतो.

यानंतर रस्त्यावरची नोंद. येथे एक व्यावहारिक अडचण आहे. गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथचा स्वस्त ओबीडी अडॅप्टर लावून आठ-दहा मोजमापे एकदम मागितली, तर प्रत्येक आकडा सेकंदाला जेमतेम एखाद-दुसऱ्या वेळेस ताजा होतो, आणि रेसचा संपूर्ण प्रकार तर पाव ते अर्ध्या सेकंदात आटोपतो. तो दोन नोंदींच्या फटीतून निसटून जातो आणि आलेख दिसायला सुरेख, परंतु निरुपयोगी निघतो. म्हणून आरपीएम, वेग, थ्रॉटल आणि क्लचची अवस्था एवढीच चार मोजमापे घ्यावीत, किंवा ट्यूनरच्या सॉफ्टवेअरमधून सेकंदाला किमान दहा-वीस नोंदी घेता येत असतील तर त्या घ्याव्यात. रस्ता सरळ, सपाट आणि रिकामा असावा, इंजिन पूर्ण गरम असावे, शेजारी लॅपटॉप सांभाळणारा दुसरा माणूस असावा, आणि एकच बदल, उदाहरणार्थ ताशी साठला तिसऱ्यावरून दुसरा, ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढून, किमान दहा वेळा करावा. पाय ॲक्सिलरेटरवर राहिला तर ईसीयूची रेस कोणती आणि आपली कोणती हे वेगळे करता येत नाही.

आता आपण कागदावर लिहिलेले आकडे कामाला येतात. क्लच सुटल्यावर आरपीएम ज्या जागी स्थिरावतो तो खरा आकडा, आणि क्लच सुटण्यापूर्वी ईसीयूने जिथपर्यंत नेला तो त्याचा अंदाज. या दोहोंतला फरक टक्क्यांत मांडावा. चूक सर्व गिअरांत सारख्याच टक्क्यांची असेल तर वेगाची माहिती किंवा फायनल ड्राइव्हचा आकडा संशयित ठरतो. एकाच गिअरमध्ये असेल तर त्या गिअरचे प्रमाण किंवा सेन्सरची शिकवलेली जागा पाहावी. अंदाज नेहमीच थोडा ओलांडला जातो आणि मग काटा खाली येतो, किंवा काटा तिथपर्यंत पोहोचण्यास उशीर लावतो, असे असेल तर माहिती ठीक आहे, टॉर्कचा हिशेब किंवा थ्रॉटल बॉडी बिघडलेली आहे. आणि दहापैकी सहा वेळा सर्व काही निर्दोष व चार वेळा भलतेच, असे दिसले तर मॅपला हात लावण्याची ती वेळ नव्हे, असे माझे ठाम मत आहे, कारण मॅप लहरी नसतो. लहरी असतात ते स्विच, वायर, कनेक्टर आणि चालकाचे पाय.

माझ्या नोंदीतला एक तुकडा असा होता. तिसऱ्यात ताशी ५८ ला २८४५ आरपीएम. क्लचची अवस्था ‘दाबलेला’ झाली. पुढच्या तीन ओळींत ३४००, ३९००, ४०८०. दुसऱ्यासाठी हवा होता ४०६५, म्हणजे अंदाज चोख. त्यानंतर वेग ५७ आणि आरपीएम ३९९५, म्हणजे प्रमाण बरोबर ७०, म्हणजे क्लच पूर्ण सुटला असून इंजिन आणि चाके जोडली गेली आहेत. तरीही क्लचच्या रकान्यात पुढच्या सहा ओळी ‘दाबलेला’ हेच लिहिलेले होते आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवर नसताना थ्रॉटल अकरा टक्के उघडे होते. ईसीयूच्या समजुतीप्रमाणे क्लच अजून दाबलेलाच होता, त्यामुळे तो इमानेइतबारे आरपीएम धरून बसला होता, आणि ते धरणे आता थेट चाकांपर्यंत पोहोचत होते. इंजिन ब्रेकिंगची अपेक्षा असताना गाडी पुढे सरकते, ती अशी.

मी डॅशबोर्डखाली डोके घालून पाठीवर आडवा झालो तेव्हा प्रथम पायपुसणीवर निळसर प्लास्टिकचा चुरा दिसला. पेडलच्या दांड्याला एक भोक असते आणि त्यात बसवलेली चकती पेडल वर आल्यावर स्विचची खुंटी आत ढकलते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती चकती ठिसूळ झाली होती; अर्धी झडून गेली होती आणि उरलेली भोकात सैलपणे फिरत होती. जाड बाजू खुंटीसमोर आली की स्विच बरोबर चालायचा. झडलेली बाजू आली की खुंटी जेमतेम टेकायची आणि पेडल दोन-तीन मिलिमीटर हलले तरी स्विच ‘दाबलेला’ सांगायचा. गर्दीत गाडी चालवताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवण्याची माझी वाईट सवय त्या दोन-तीन मिलिमीटरांसाठी पुरेशी होती. ट्यूनर मात्र पाय फूटरेस्टवर ठेवणारा शिस्तीचा माणूस असल्यामुळे त्याच्या हातात गाडी गेली की दोष गायब होत असे. मी तक्रार सांगावी आणि त्याला ती दिसू नये, यात दोघेही खरे होते.

मॅपच्या तीन आवृत्त्यांचा उलगडाही येथेच होतो. गाडी पुढे ढकलते, अशी तक्रार मी केल्यावर त्याने रेसचे प्रमाण कमी केले. परिणामी स्विच बरोबर चालत असे तेव्हा रेस अपुरी पडू लागली आणि नाक बसू लागले. मग त्याने ते वाढवले, आणि पुन्हा ढकलणे सुरू झाले. प्रत्येक दुरुस्तीनंतरचे चांगले दिवस हे चकतीने त्या आठवड्यात कोणती बाजू पुढे केली होती यावर अवलंबून होते.

या काळात इंजिनाचा दिवा एकदाही लागला नाही, हेही नोंदवले पाहिजे. क्लच स्विचसाठी पी०७०४ हा दोषाचा कोड आहे, परंतु विद्युतदृष्ट्या स्विच धडधाकट असल्यामुळे आणि चालू-बंद होत असल्यामुळे ईसीयूला त्यात दोष दिसण्याचे कारण नव्हते. खरी खूण दुसरीच होती, ती मी दुर्लक्षित केली: क्रूझ कंट्रोल अधूनमधून लागत नव्हते किंवा खड्ड्यावरून जाताना आपोआप सुटत होते. एकाच स्विचवर दोन्ही कामे चालत असतील तर क्रूझचा असा लहरीपणा हा रेव्ह मॅचिंगच्या दोषाचा सर्वांत स्वस्त पुरावा ठरतो.

चकती बदलल्यावर पहिला मॅप परत घातला आणि दहाच्या दहा वेळा एकसारखे वागणे दिसले. ते निर्दोष नव्हते. काटा दरवेळी ठरलेल्या जागेच्या दीडशे-दोनशे फेरे वर जाऊन मग खाली येत होता. ही चूक मात्र खरोखर मॅपची होती आणि तिचे कारण हलके फ्लायव्हील हेच होते. उदाहरणादाखल, इंजिन आणि फ्लायव्हील मिळून जडत्व ०.२० किलोग्रॅम-वर्गमीटर असेल आणि ०.३ सेकंदात ३००० वरून ४२८५ आरपीएम गाठायचा असेल, तर घर्षण सोडून सुमारे ९० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. जडत्व ०.१४ वर आले की तेवढ्याच कामाला ६३ पुरतो. ईसीयूला ही बातमी दिली नाही तर तो जुन्याच हिशेबाने ९० मागतो. काटा अपेक्षेपेक्षा वेगाने चढताना दिसल्यावर तो थ्रॉटल मिटू लागतो, पण इनटेक मॅनिफोल्डमध्ये भरलेली हवा जळून संपेपर्यंत आरपीएम पुढे निघून गेलेला असतो. उपाय म्हणजे जडत्वाचा आकडा दुरुस्त करणे. अंतिम आरपीएमचे लक्ष्य कमी करून ठेवणे हा उपाय नव्हे, कारण लक्ष्य दात्यांच्या प्रमाणातून आलेले असते आणि ते बरोबरच असते. जडत्वाचा आकडा वेगळा उपलब्ध नसलेल्या मॅपमध्ये रेससाठी मागितला जाणारा टॉर्क तेवढ्या प्रमाणात कमी करावा.

टॉर्कवर आधारित ईसीयूमध्ये आणखी एक सापळा आहे. तेथे चालकाची मागणी, आयडलिंग, ट्रॅक्शन कंट्रोल आणि रेव्ह मॅचिंग हे सगळे टॉर्कच्याच भाषेत बोलतात. मोठी थ्रॉटल बॉडी बसवून किंवा शक्ती वाढवण्याच्या घाईत हवा-ते-टॉर्क तक्ते ओढूनताणून बसवले असतील, तर ईसीयू ६० मागतो आणि इंजिन ८० देते. पूर्ण रेसवर ते कोणाला खटकत नाही. अर्धवट उघड्या थ्रॉटलवर, म्हणजे नेमके रेव्ह मॅचिंगच्या वेळी, ते उघडे पडते. म्हणून रिमॅपनंतर तक्रार सुरू झाली असेल आणि ती दरवेळी तशीच येत असेल, तर ट्यूनरकडे ‘रेस कमी कर’ असे न म्हणता कमी भारावरचे टॉर्क तक्ते तपासण्यास सांगावे.

बाकीची कारणे थोडक्यात. थ्रॉटल बॉडीवर काजळी साचली की रेस सुस्त होते. ती साफ केल्यावर थ्रॉटलची जागा नव्याने शिकवावी लागते, नाहीतर काही दिवस आयडलिंगही अस्थिर राहते. टर्बो इंजिनात मॅफ सेन्सरने (आत येणारी हवा मोजणाऱ्या) मोजलेली हवा ब्लो-ऑफ व्हॉल्व्हने बाहेर सोडली जात असेल, तर रेसच्या क्षणी मिश्रणात इंधन जास्त होऊन इंजिन अडखळते. ॲक्सिलरेटर पेडल आणि ईसीयू यांच्यामध्ये बसवल्या जाणाऱ्या सुट्या ब्लिपर (रेस देणाऱ्या) मॉड्यूलला गिअर कळत नाही. ते ठरावीक वेळ, ठरावीक रेस देते, त्यामुळे एका बदलाला जमवले की दुसऱ्याला बिघडते, आणि पेडलच्या दोन मार्गांतील व्होल्टेजचा मेळ तुटला तर पी२१३८ कोड येऊन गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे मर्यादित शक्तीवर, जाते. माझ्या मते ते काढून ठेवून मगच तपासणी सुरू करावी.

दोन तक्रारी मात्र येथे चुकून येतात. वरचा गिअर टाकताना आरपीएम खाली यायला वेळ लावत असेल, तर ते रेव्ह हँग आहे. उत्सर्जन मर्यादेत ठेवण्यासाठी कंपनीनेच थ्रॉटल सावकाश मिटवलेले असते. आणि गिअर आत जातानाच खरखरत असेल तर तो सिंक्रोमेशचा (गिअरबॉक्समधल्या, दात्यांची गती जुळवणाऱ्या भागाचा) किंवा नीट न सुटणाऱ्या क्लचचा प्रश्न आहे. क्लच दाबलेला असताना दिलेली रेस इनपुट शाफ्टपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे सिंक्रोला तिची काही मदत होत नाही. पाचव्यावरून चुकून दुसरा पडला तर तेथेही ही प्रणाली वाचवू शकत नाही: रेड लाइनच्या पुढचा आरपीएम ईसीयू स्वतः देणार नाही, परंतु क्लच सोडल्यावर चाके इंजिनाला तेथे नेतीलच.

दुरुस्तीनंतरची दहा बदलांची नोंद मी तारीख आणि मॅपचा क्रमांक घालून जपून ठेवली आहे. डावा पाय आता फूटरेस्टवर असतो, निदान आठवण राहील तेव्हा तरी.